तरुण, बाहेरचा, पहिल्यांदाच उभा: प्रस्थापितांना पाडतो तो नेमका कशाच्या जोरावर?

रानजाई

१६,८९८ विरुद्ध १२,८८०. न्यूयॉर्कच्या १४ व्या मतदारसंघातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीचा, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीचा, हा जून २०१८ चा निकाल. जिंकली अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ, वय २८, तोवर बारमध्ये काम करून घर चालवणारी. हरले जो क्रॉली, वय ५६, १९९९ पासून प्रतिनिधिगृहात, क्वीन्समधल्या पक्षसंघटनेचे अध्यक्ष, आणि पुढेमागे सभापती होतील असं ज्यांच्याबद्दल बोललं जायचं असे गृहस्थ. खर्चाचा हिशेब पाहिला तर क्रॉलींचे सुमारे ३४ लाख डॉलर आणि तिचे दोन लाखांच्या आत.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक तिच्या व्हिडिओपाशी आणि ट्विटरपाशी थांबतात. मला त्यातली दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. वरचे दोन्ही आकडे मिळवले तरी तीस हजार होत नाहीत, आणि मतदारसंघाची लोकसंख्या होती सात लाखांच्या आसपास. वीस वर्षं अढळ वाटलेली ती खुर्ची इतक्या थोड्या मतांवर उभी होती.

एवढी कमी मतं का पडली? त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात संसदेच्या उमेदवारांची प्रायमरी जूनमध्ये होती आणि राज्यातल्या पदांची सप्टेंबरमध्ये. म्हणजे सामान्य माणसाने दोनदा रजा काढायची. पक्षाचा नोंदणीकृत मतदार नसेल त्याला मतच नाही, आणि आधी दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत बदलून घ्यायची, जेव्हा निवडणुकीचं वारंही नसतं. त्यावर कडी म्हणजे २००४ नंतर क्रॉलींच्या विरोधात पक्षातून कुणी उभंच राहिलं नव्हतं. २००४ च्या शेवटी अठरा वर्षांचा झालेला मतदार बत्तिशीला टेकला तरी त्याला त्या जागेसाठी पक्षात निवड करायची संधीच मिळाली नव्हती.

आणि क्रॉली आत आले कसे? १९९८ साली आधीच्या खासदारांनी, थॉमस मँटन यांनी, अर्ज भरायची मुदत उलटून गेल्यावर माघार घेतली. मग पक्षसंघटनेने त्यांच्या जागी क्रॉलींचं नाव घातलं. मँटन हेच तेव्हा क्वीन्सच्या संघटनेचे अध्यक्ष. तेव्हा क्रॉली छत्तिशीत होते, तरुणच होते! त्यामुळे प्रश्न वयाचा कमी आणि दार आतून लावून घेण्याचा जास्त आहे.

निवडणुकीनंतर ओकासिओ-कोर्तेझने आपल्या बुटांचा फोटो टाकला होता. तळवे झिजून भोकं पडलेली, त्यातून पावसाचं पाणी आत यायचं. पुढे ते बूट प्रदर्शनातही ठेवले गेले. मला त्या फोटोत सगळी मोहीम दिसते. ज्यांच्याकडे कुणी मत मागायला जात नव्हतं त्यांच्या दारात ती गेली. त्याच प्रचारात क्रॉलींनी ब्रॉन्क्समधल्या एका वादसभेला स्वतः न जाता आपल्या वतीने दुसऱ्याच व्यक्तीला पाठवलं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी फळी टिकते ती बहुतेक वेळा मतदार येत नाहीत म्हणून. नवख्याने त्यांच्या मतदारांवर डोळा ठेवण्यापेक्षा न येणाऱ्यांना आणावं. तुम्हाला काय वाटतं? इतर देशांतली उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा.

तर्कट

रानजाई, लेख आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही.

२०१८ मध्ये प्रायमरीत हरलेले विद्यमान प्रतिनिधी अख्ख्या अमेरिकेत चार होते. चार! बाकी शेकडो जण आरामात परत उभे राहिले आणि बहुतेक निवडूनही आले. आपण जिंकलेल्या एकीबद्दल बोलतो. त्याच वर्षी असेच बूट झिजवून पडलेल्यांची नावं आपल्याला आठवतही नाहीत. त्या मतदारसंघाची वस्तीही मधल्या वीस वर्षांत पालटली होती. जवळपास निम्मे लोक लॅटिनो, आणि खासदार आयरिश वंशाचे, संघटनेच्या जुन्या घडीतले. हे गणित प्रत्येक ठिकाणी जुळून येत नाही.

दुसरं, जुन्या पिढीबद्दल आपण जरा घाईने बोलतो. अर्थसंकल्पातली कुठली तरतूद कुठे दडलेली असते, कुठल्या अधिकाऱ्याकडे कुठली फाइल अडते, विरोधी बाकावरच्या कुणाशी कुठल्या विषयावर जमू शकतं, हे कळायला वर्षं जातात. नवखा निवडून येतो आणि पहिली दोन वर्षं सभागृहाचे नियम शिकण्यात घालवतो. त्याची किंमत मतदारच मोजतात. जुना माणूस खुर्चीला चिकटून बसतो हे मला मान्य आहे, पण तो उठला की त्याच्याबरोबर जे जातं त्याचाही हिशेब मांडायला हवा.

बूथवाला

मी प्रचारात काम केलेलं आहे, नवख्या उमेदवारासाठी, प्रस्थापिताच्या विरोधात. म्हणून पायाखालचं थोडं लिहितो.

तर्कट म्हणतात ते अनुभवाचं भांडवल खरं आहे, पण मतदाराच्या लेखी ते अर्थसंकल्पाच्या ज्ञानात नसतं. ते उपकारात असतं. जुन्या नेत्याने गेल्या पंचवीस वर्षांत कुणाच्या मुलाच्या प्रवेशासाठी फोन केलेला असतो, कुणाला दवाखान्यात खाट मिळवून दिलेली असते, कुणाला रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यातून सोडवून आणलेलं असतं. ती माणसं त्याला विसरत नाहीत, आणि त्यांनी विसरावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

एका दारात बाई म्हणाल्या, "मी त्यांनाच देणार. त्यांनी माझ्या मुलाला चिकटवलं होतं." माझ्यासोबतचा पोरगा लगेच सुरू झाला, साहेबांनी काय काय खाल्लं वगैरे. बाईंनी दार लोटलं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. साहेबांबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, मुलगा कसा आहे? म्हणाल्या, "तो कारखाना बंद पडला. आता बाहेरगावी असतो, वर्षातून एकदा येतो." मग अर्धा तास त्याच बोलत होत्या. धाकटा घरीच बसून आहे, सूनही शिकलेली आहे, तिलाही काम नाही. जाताना मी फक्त आमच्या उमेदवाराचं नाव सांगितलं.

नवख्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे की म्हाताऱ्याला शिव्या घालू नका. ज्यांच्यावर त्याचे उपकार आहेत त्यांना त्या शिव्या स्वतःला दिल्यासारख्या लागतात. गेल्या दहा वर्षांत काय थांबलं, एवढंच विचारा.

बाकी कामाचं म्हणाल तर सगळा खेळ मतदार यादीचा. प्रत्येक नावापुढे खूण करायची: आपला, कुंपणावरचा, विरोधातला, भेटलाच नाही. शेवटच्या आठवड्यात कुंपणावरच्यांच्या मागे धावून दम घालवू नये. 'आपला' अशी खूण असलेला माणूस मतदानाच्या दिवशी घरातून निघतो की नाही, हे पाहावं. जुन्या पक्षाच्या केंद्रप्रमुखाला यादी तोंडपाठ असते. कोण वारलं, कोण घर बदलून गेलं, कोण सकाळी येतं आणि कोणाला आणायला माणूस पाठवावा लागतो, हे सगळं. आपल्याला ते कागदावर तरी माहीत हवं.

सागरगोटी

बूथवाला यांना +१. विशेषतः शिव्यांबद्दल. प्रचाराच्या गर्दीत टाळ्या शिव्यांनाच मिळतात, म्हणून उमेदवाराला ते आवरत नाही. पण टाळ्या वाजवणारे आधीच आपले असतात.

हिमरेषा

काठमांडूचं उदाहरण इथे यायलाच हवं, कारण ते रानजाईंच्या मांडणीत नीट बसत नाही.

मे २०२२. काठमांडू महानगरपालिकेच्या महापौरपदासाठी बालेन शाह अपक्ष उभा राहिला. वय ३२, शिक्षणाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, नावाने ओळखला जायचा तो रॅपर म्हणून. चिन्ह मिळालं काठी. समोर नेपाळी काँग्रेस आणि एमाले, म्हणजे ओलींचा कम्युनिस्ट पक्ष, असे दोन मुरलेले पक्ष. एमालेचे उमेदवार केशव स्थापित तर पूर्वी महापौर राहिलेले. निकाल लागला तेव्हा बालेनला ६१,७६७, काँग्रेसच्या सिर्जना सिंह यांना ३८,३४१ आणि स्थापितांना ३८,११७ मतं. पक्षांच्या दोन उमेदवारांची बेरीज केली तर ती बालेनच्या मतांहून मोठी आहे. म्हणजे जुने दोघं एकमेकांची मतं खात होते, आणि दोघांनाही कंटाळलेला मतदार मधून वाट काढून तिसऱ्याकडे गेला.

याहून बोलका निकाल उपमहापौरपदाचा. तिथे निवडून आली एमालेचीच सुनीता डंगोल, आणि तिला बालेनपेक्षाही जास्त मतं पडली. तीही तरुणच. एकाच मतदाराने एका पदासाठी पक्षाला नाकारलं आणि दुसऱ्या पदासाठी त्याच पक्षाच्या तरुण मुलीला निवडलं. पक्षाने तरुण चेहरा दिला असता तर महापौरपदही कदाचित हातचं गेलं नसतं.

पण पुढचं ऐका. काठमांडूत ३२ प्रभाग. प्रभाग अध्यक्ष सगळे पक्षांचे. अपक्ष महापौराला नगरसभेत स्वतःचं म्हणावं असं माणूस नव्हतं. कचऱ्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून मानगुटीवर, कारण शहराचा कचरा जातो शहराबाहेर, आणि तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की राजधानीत ढीग लागतात. गावकरी, केंद्र सरकार, कर्मचारी, प्रभाग अध्यक्ष, सगळ्यांशी बोलणी करायची आणि मागे संघटना नाही. बेकायदा बांधकामं पाडली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. मात्र पदपथावर विकून पोट भरणाऱ्यांवर नगर पोलिसांनी हात उगारला तेव्हा टीकाही तितकीच झाली, आणि ती रास्त होती.

आणि वयाबद्दल म्हणाल तर सप्टेंबर २०२५ आठवा. समाजमाध्यमांवरच्या बंदीने पेटलेलं तरुणांचं आंदोलन, पहिल्याच दिवशी १९ जणांचा बळी, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींचा राजीनामा. देउबा, ओली आणि पुष्पकमल दहाल 'प्रचंड' हे तीन जुने नेते आळीपाळीने पंतप्रधानपदाच्या खुर्चीवर बसतात, याचाच राग होता. आणि त्या तरुणांनी हंगामी पंतप्रधान म्हणून नाव पुढे केलं कुणाचं? सुशीला कार्की यांचं. माजी सरन्यायाधीश, वय ७३. त्यांना हवा होता विश्वासाचा माणूस, मग तो कितीही वर्षांचा असो.

तर्कट

हिमरेषा, उत्तम माहिती. सुशीला कार्कींचा मुद्दा तर फारच मोलाचा.

दक्षिणवारा

मी चिलीबद्दल लिहितो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रवास गाब्रिएल बोरिचचा आहे, जिंकण्याचाही आणि नंतरचाही.

२०११ च्या विद्यार्थी आंदोलनातून पुढे आलेला हा मुलगा. मूळचा पार दक्षिणेकडच्या मॅगेलनेसचा, तिथूनच संसदेत गेला. चिलीत राष्ट्राध्यक्षपदाला किमान वय ३५. पूर्वी ते ४० होतं, २००५ च्या घटनादुरुस्तीत कमी झालं. बोरिच फेब्रुवारी २०२१ मध्ये ३५ चा झाला आणि त्याच वर्षी निवडणूक. जुना नियम असता तर तो अर्जच भरू शकला नसता. शिवाय त्याचा पक्ष इतका लहान की उमेदवारी टिकवायला आधी तीस हजारांहून अधिक सह्या गोळा कराव्या लागल्या. आघाडीच्या प्रायमरीत चाचण्यांची पसंती कम्युनिस्ट पक्षाच्या दानिएल हादुएंना होती. बोरिचने ६० टक्के मतं घेऊन त्यांना मागे टाकलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत तो दुसरा आला. उजव्या टोकाचे होसे अंतोनियो कास्त पुढे. मतदान जेमतेम ४७ टक्के. १९ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत मतदान ५५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे मधल्या चार आठवड्यांत बारा लाखांच्या वर नवे लोक केंद्रांवर आले. बोरिच ५५.८७ टक्के मतांनी जिंकला. रानजाई, इथे तुमचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. चिलीत २०१२ पासून मतदान ऐच्छिक होतं आणि लोक यायचे बंद झाले होते. त्या चार आठवड्यांत डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्ष इस्किया सिचेस यांनी पद सोडलं, प्रचाराची धुरा घेतली आणि तान्ह्या मुलीला सोबत घेऊन बसने देश पिंजून काढला. उत्तरेतला अंतोफागास्ता प्रांत पहिल्या फेरीत बोरिचला हिंग लावून विचारत नव्हता, दुसऱ्या फेरीत तोच प्रांत त्याने जिंकला.

आता दुसरी बाजू. मार्च २०२२ मध्ये शपथ. त्याच सिचेस पहिल्या महिला गृहमंत्री झाल्या. ४ सप्टेंबरला नव्या राज्यघटनेचा मसुदा जनमत चाचणीत ६२ टक्क्यांनी फेटाळला गेला आणि काही दिवसांतच सिचेस मंत्रिमंडळाबाहेर. त्यांच्या जागी आल्या कारोलिना तोआ, ज्या जुन्या मध्य-डाव्या आघाडीत मंत्री होत्या आणि ज्यांचे वडील १९७० च्या दशकातले समाजवादी राष्ट्राध्यक्ष अलेंदे यांच्या सरकारात मंत्री होते. अर्थखातं तर पहिल्या दिवसापासून मारियो मार्सेल यांच्याकडे, मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष. ज्या पिढीच्या विरोधात प्रचार केला तिच्याच लोकांना हाताशी धरून सरकार चालवावं लागलं. काही मित्रांना हे पाऊल मागे घेणं वाटतं. मला ते शहाणपण वाटतं, फक्त ते आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. प्रचारात "तीस वर्षांत यांनी काहीच केलं नाही" असं बोललं की मग त्यांच्याच दारात जाताना मान खाली जाते.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये कास्तच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

रानजाई

दक्षिणवारा, किती मन लावून लिहिलंत. धन्यवाद.

हिमरेषांचा आक्षेप मला पटतो, आणि त्यामुळे माझी मांडणी थोडी रुंद करते. न येणारा मतदार हा एक. दुसरा, येतो पण नाइलाजाने दोघांपैकी कमी वाईट वाटणाऱ्याला मत देऊन जातो. काठमांडूत हा दुसरा मतदार मोकळा झाला. दोघांचीही गोष्ट एकच आहे: त्याच्यासमोर खरी निवड ठेवली गेली नव्हती.

तर्कट, पडलेल्यांची नावं आठवत नाहीत हे खरं. पण न्यूयॉर्कमध्येच पुढे काय झालं पाहा. २०२५ च्या महापौरपदाच्या प्रायमरीत ३३ वर्षांचा झोहरान ममदानी सुरुवातीच्या चाचण्यांत एक टक्क्यावर होता. समोर अँड्र्यू कुओमो, दहा वर्षं राज्याचे गव्हर्नर, वडीलही गव्हर्नर. कुओमोंच्या पाठीशी असलेल्या स्वतंत्र समितीने दोन कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला. ममदानी जिंकला. नोव्हेंबरमध्ये कुओमो अपक्ष उभे राहिले, पुन्हा हरले, आणि वीस लाखांच्या वर मतदान झालं. महापौरपदासाठी इतकं मतदान १९६९ नंतर प्रथमच.

त्याचा एक व्हिडिओ मला विसरता येत नाही, नोव्हेंबर २०२४ चा. ब्रॉन्क्स आणि क्वीन्समधल्या रस्त्यांवर हातात माइक घेऊन तो उभा आहे आणि ट्रम्पना मत दिलेल्यांना, मत न दिलेल्यांना फक्त विचारतो आहे की का. मध्येच तोडत नाही, पटवत नाही. लोक सांगतात, भाडं, बसचं तिकीट, महागाई, गाझा. पुढे त्याचा जाहीरनामा झाला तो भाडेवाढ रोखणं, मोफत बस, पाळणाघरं.

कंदील

सगळे जिथे मतं नीट मोजली जातात तिथलं बोलत आहेत. जिथे नियमच प्रस्थापितांच्या मुठीत असतात तिथलं काय?

युगांडाचं घ्या. योवेरी मुसेवेनी जानेवारी १९८६ पासून सत्तेवर. आफ्रिकेचं दुखणं म्हणजे खुर्ची न सोडणारे नेते, असं तेच तेव्हा सांगायचे. २००५ मध्ये कार्यकाळांची मर्यादा काढली. डिसेंबर २०१७ मध्ये ७५ वर्षांची वयोमर्यादाही काढली, नाहीतर ते २०२१ ला उभेच राहू शकले नसते. समोर होता गायक बॉबी वाइन, १९८२ चा जन्म. म्हणजे मुसेवेनी सत्तेवर आले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रचार करताना त्याला अटक झाली, त्यानंतरच्या निदर्शनांत पन्नासहून जास्त माणसं मेली. मतदानाच्या आदल्या दिवशी इंटरनेट बंद. मतदानानंतर सैन्याने त्याच्या घराला वेढा दिला, तो न्यायालयाच्या आदेशानंतर उठला. जाहीर निकाल मुसेवेनी ५८ टक्के, बॉबी वाइन ३५ टक्के. संसदेत मात्र त्याचा पक्ष सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला आणि खुद्द उपराष्ट्राध्यक्ष आपल्या जागेवर पडले. तिथे कुणी किती दारं ठोठावली याने राष्ट्राध्यक्षपद मिळत नाही. हे म्हणताना मला त्या मेलेल्या माणसांची आठवण ठेवावीशी वाटते.

नायजेरियात निराळाच अडसर. तिथल्या तरुणांनी जोर लावून २०१८ मध्ये कायदा बदलून घेतला. राष्ट्राध्यक्षपदाची किमान वयोमर्यादा ४० वरून ३५ आणि प्रतिनिधिगृहाची ३० वरून २५. मोठंच यश. पण २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारी अर्जाची किंमत ठेवली दहा कोटी नायरा. पस्तिशीतला कुठला पगारदार माणूस हे भरणार? २०२३ ला प्रमुख उमेदवार होते ते ७०, ७६ आणि ६१ वर्षांचे.

आपल्याकडे १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येतं, पण लोकसभेला उभं राहायला २५ आणि राज्यसभेला ३० वर्षं पूर्ण लागतात. मधली सात किंवा बारा वर्षं तरुणाने फक्त दुसऱ्यांना निवडून द्यायचं. यावर कधीतरी वेगळा धागा निघायला हवा.

तर्कट

कंदील, पैशाचा मुद्दा तुम्ही काढलात हे फार बरं झालं. रानजाईंच्या ममदानीच्या गोष्टीतही तोच राहून गेला आहे. न्यूयॉर्क शहरात रहिवाशाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंतच्या देणगीवर शहर आठपट रक्कम घालतं. म्हणजे २५० वर २,००० डॉलर. मात्र महापौरपदाच्या उमेदवाराला त्यासाठी किमान हजार देणगीदार आणि अडीच लाख डॉलर जमवून दाखवावे लागतात. लहान देणगीदारांवर चालणारा उमेदवार तिथे तगतो तो या नियमामुळे. शिवाय तिथल्या प्रायमरीत मतदान पसंतीक्रमाने होतं, त्यामुळे ममदानी आणि दुसरे एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्यायला सांगितलं. साध्या पद्धतीत तेच दोघं एकमेकांची मतं खाऊन कुओमोंचं काम सोपं करून बसले असते. हे नियम कुणीतरी वर्षानुवर्षं झगडून आणलेले असतात, त्यांचं श्रेय उमेदवाराच्या करिष्म्यात बुडून जाऊ नये.

आणि 'बाहेरचा' ही पाटी लावणारा प्रत्येक जण बाहेरचा नसतो. इमॅन्युएल मॅक्रों ३९ व्या वर्षी फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण त्याआधी बँकेत आणि मग दोन वर्षं अर्थव्यवस्था खात्याचा मंत्री होता. पक्ष काढला एप्रिल २०१६ मध्ये, वर्षभरात सत्ता. २०१७ ला संसदेत भरपूर नवखे निवडून आणले. पण गावोगावच्या पालिकांत पाळंमुळं रुजलीच नाहीत. २०२० च्या पालिका निवडणुकांत ते उघडं पडलं, २०२२ ला संसदेतलं बहुमतही गेलं.

नवखी

पहिल्यांदाच लिहिते आहे. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मी पुढच्या स्थानिक निवडणुकीत उभं राहायचं ठरवलं आहे. समोर जे आहेत ते माझ्या जन्माच्या आधीपासून निवडून येत आहेत, आणि माझे स्वतःचे काका त्यांचे कार्यकर्ते आहेत. पक्ष नाही, पैसा नाही. बरोबरीच्या बारा-पंधरा मैत्रिणी आणि मित्र आहेत. निवडणुकीला वर्षभर आहे. आत्ता काय करू?

रानजाई

नवखी, आधी मनापासून शुभेच्छा. वर्ष हातात आहे हीच मोठी गोष्ट आहे. आत्ता भाषणं नकोत, मतदार नोंदणी करा. अठरा पूर्ण झालेले, घर बदललेले, लग्न होऊन आलेल्या मुली, यादीतून नाव गळालेले. त्यांच्या घरी तुम्ही अर्ज घेऊन जाल तेव्हा मत मागू नका. नाव आलं की पुन्हा जा आणि यादीतलं नाव दाखवा.

बूथवाला

आणि काकांशी भांडू नका. त्यांना विचारा, साहेबांसोबत काम करताना काय चांगलं वाटलं आणि काय सलतं. त्यांच्याइतकी आतली माहिती तुम्हाला दुसरं कुणी देणार नाही. कदाचित ते तुमचा प्रचार करणार नाहीत. पण मतदानाच्या दिवशी तुमच्या विरोधात जीव तोडून फिरणारही नाहीत, आणि तेवढंही पुष्कळ असतं.

हिमरेषा

एकटी उभी राहू नका. इतर प्रभागांतही तुमच्यातले तिघं-चौघं उभे करा. जिंकल्यावर सभागृहात ठरावाला अनुमोदन द्यायला शेजारी कुणी नसेल तर फार हाल होतात.

तर्कट

नवखी, तुम्हाला माझं मत गेलं असं धरा. पण दोन कामं आजच हातात घ्या. गेल्या पाच वर्षांचे अर्थसंकल्प आणि सभांची इतिवृत्तं मागवून घ्या. माहिती अधिकारात मिळतात. मंजूर झालेला पण खर्च न झालेला प्रत्येक आकडा वहीत उतरवा. लोकांसमोर तेवढाच बोला, कारण तो कुणाला खोडून काढता येत नाही.

दुसरं काम छाननीचं. न्यूयॉर्कमध्ये संसदेच्या प्रायमरीला उभं राहायला १,२५० सह्या लागतात, आणि नवखे उमेदवार त्याच्या कितीतरी पट गोळा करतात, कारण प्रस्थापितांचे वकील एकेक सही, तारीख, पत्ता तपासून बाद करत बसतात. नवख्याला मतपेटीपर्यंत पोहोचूच न देणं हा सगळ्यात स्वस्त विजय असतो. तेव्हा अर्ज, सूचक, प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, यादीतलं तुमचं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव एकसारखं आहे का, हे सगळं एखाद्या जाणत्या वकिलाकडून तपासून घ्या, आणि अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. त्रुटी निघाली तर दुरुस्त करायला दोन दिवस हाताशी राहतात.

नवखी

आभारी आहे सगळ्यांची. माझ्या आधारकार्डावर आणि मतदार यादीत नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते आत्ताच पाहिलं. सोमवारी निवडणूक कार्यालयात जाते. इतिवृत्तांचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, मुख्याधिकाऱ्यांच्या की जन माहिती अधिकाऱ्यांच्या?

तर्कट

जन माहिती अधिकाऱ्यांच्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.